कुठलं बीड

सव्वीस वर्षं बसलो या खिडकीत.
काचेला कानाएवढं भोक,
त्यातून दिवसभर लोक एकेक गाव आत टाकायचे.

शिरोली.
कुठली वो, पुलाची का दुमाला?
बावडा.
कसबा असंल तर केएमटीनं जा, इथं कशाला आलास?
गगन असंल तर घोंगडं घेतलंयस का?
सांगाव. कसबा का मौजे?
कळंबे. तर्फ ठाणे का तर्फ कळे?

कुणा जुन्या कारकुनानं
जुळ्यातल्या एकाच्या पायात काळा दोरा बांधावा
तशी ही शेपटं लावून ठेवलीत.
गावातली माणसं दोरा बघत नाहीत.
ती नुसतं शिरोली म्हणतात,
आणि दुसरी कुठली असते, असं तोंड करून
माझ्याकडं बघत राहतात.

एकदा, गळीत संपत आलेलं,
उत्रेश्वर नावाचा एक माणूस आला.
खांद्यावर बोचकं, बोचक्यात कोयता,
तापानं डोळे लाल.
टोळीच्या आधी एकटाच घरी निघालेला.
बीड, म्हणाला.
मागं रांग होती, माझा चहा निवत होता.
मी विचारलं नाही कुठलं.
फलाट सांगितला.

दिवेलागणीला परत आला.
भांडला नाही.
भोकाला तोंड लावून म्हणाला,
सायेब, गाव चांगलंय. पाणी बी लई.
नांगराला सोन्याची मोहर लागती म्हणत्यात तिथं.
देवळापाशी एका म्हातारीनं भाकरी दिली,
इचारलं, कुठला रं तू?
म्या म्हणलं, बीडचा.
ती म्हणली, मग कुणाचा?

हे सांगून तो हसला,
आणि हसता हसता खाली बसला.

रातराणीचं तिकीट मी माझ्या पैशानं काढलं.
त्यात मोठेपणा नव्हता.
चूक माझी होती, आणि ती अर्ध्या कप चहाएवढी होती.
गाडी हलली तेव्हा कंडक्टरला दोनदा सांगितलं,
मराठवाड्यातलं. मराठवाड्यातलं बीड.
तोही वैतागला. म्हणाला, अहो, दुसरं कुठलं असतंय?

त्यानंतर कधीतरी बढती झाली आणि मेहकरला गेलो.
पहिल्या दिवशी हजेरीवर नाव लागलं, भूपाल चौगुले.
दुसऱ्या दिवसापासून कुणी ते उच्चारलं नाही.
ओ कोल्हापूर, चहा घेता का?
कोल्हापूर आज रजेवर आहेत.
कोल्हापूरला विचारा, त्यांच्याकडं किल्ली असेल.

खानावळीत कोल्हापुरी म्हणून ताट यायचं,
रंग असा की डब्यातनं ओतल्यासारखा.
आचारी पदर धरल्यागत समोर उभा राही, कसंय?
आमच्या घरात असं करत नाहीत, एवढंच बोललो,
तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.
गावाबाहेर ओढ्यावर कोल्हापुरी बंधारा होता,
तसा फलकच होता.
फळ्या कुणीतरी काढून नेलेल्या,
नुसते खांब उभे, आणि मधून शेळ्या जायच्या येायच्या.
रविवारी मी तिथं जाऊन बसायचो.
बोलायचं काही नव्हतं.
परमुलखात नात्यातलं कुणी भेटावं,
आणि त्याचीही परिस्थिती बरी नसावी,
तसे आम्ही दोघं बसायचो.

तीन वर्षांनी बदली मिळाली.
रात्रभर बसलेला, किणीच्या नाक्यावर डोळा लागला.
पुलाची शिरोली कधी मागं पडली,
पंचगंगा कधी ओलांडली, कळलं नाही.
गाडी फलाटाला लागली.
कंडक्टर दार बडवत ओरडला,
कोल्हापूर! चला, कोल्हापूर!

मी ओ दिली.

शेजारचा पोरगा माझ्याकडं बघायला लागला.
मी बॅग काढली, चप्पल चाचपली,
आणि सगळ्यांच्या मागं उतरलो.
समोर माझीच खिडकी होती, दिवा चालू.
आत कुणी नवीन पोरगी बसलेली,
भोकाशी एक बाई वाकून म्हणत होती, वडगाव,
आणि पोरीनं चहाचा कप बाजूला ठेवला.